सूची नाही, मार्क नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मी कळव्याची. पत्ता आधी सांगितला, कारण मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे आणि पत्त्याच्या बाबतीत जरा हट्टी आहे. आमचे ठाण्याचे लोक पुण्याला किंवा नागपूरला गेले की खुशाल सांगतात, 'आम्ही मुंबईचे.' अहो, ठाण्याला राहता ना, मग ठाणं म्हणा! ठाणे शहर साष्टी बेटाच्या कडेला वसलंय. कळव्याचा पूल ओलांडलात की तुम्ही बेटावरून मुख्य भूमीवर उतरता. रोज हजारो माणसं शेअर रिक्षात गुडघे आखडून बेट सोडतात, आणि कुणाला त्याचं काही नाही. असो, हे विषयात नव्हतं.

विषय मला असा दिलाय: अभ्यासाची प्रेरणा, विषयाची निवड आणि आजचा अनिश्चित काळ. पंधरा मिनिटांत तिन्ही. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे यातलं कुठलंच मला पूर्ण सुटलेलं नाही, हे आधीच कबूल करते.

प्रेरणेचं लवकर उरकते. मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं, पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल. आमच्या चाळीत पिढ्यान् पिढ्या सगळे पाचला उठतात, कारण पाणी पाचला येतं आणि पावणेसहाला जातं. आयुष्य कुणाचं बदललेलं नाही, पिंपं तेवढी भरली. मला विचाराल तर अभ्यासाची इच्छा घरात बसून उगवत नाही. ती शेजाऱ्याकडून उसनी मिळते, विरजणासारखी. आमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर, म्हणून मी अभ्यासिकेत जाते. तिथं पाण्याची बाटली ठेवून जागा धरायची. बाजूला बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा असतो. आम्ही दोन वर्षांत चार वाक्यंही बोललेलो नाही. पण तो पान उलटतो ना, त्याचा आवाज आला की मला माझं पान उलटावंसं वाटतं. बस, एवढीच माझी प्रेरणा. मूड आला की बसू म्हणणारे अजून स्टेशनजवळ कटिंग पीत उभे आहेत.

आता निवड. निवडीबद्दल माझा एकच प्रश्न आहे, आणि तो मी आज तीनदा विचारणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. प्रश्न असा: ज्याचे मार्क मिळणार नाहीत, ते तुम्ही कुठल्या विषयात करता?

हा प्रश्न मला एका पेपरामुळे मिळाला. जो पेपर झालाच नाही, त्या पेपरामुळे.

2020 साली मी दहावीला होते. 21 मार्चला, शनिवारी, इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर दिला. सोमवारी, 23 तारखेला भूगोल, की सुटलो. चाळीस मार्क, दोन तास. त्या वर्षी दहावीला असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी येते तोवर बातमी आली, भूगोलाचा पेपर पुढे ढकलला. रविवारी जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला ताटं वाजवली, आणि मंगळवारी मध्यरात्रीपासून अख्खा देश बंद.

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात दोनच देश होते, भारत आणि ब्राझील. ब्राझील का, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मला तो देश आवडायला लागला होता. अवर्षण चतुष्कोन, अजस्र कडा, पंतनाल, शब्दच असे की मोठ्यानं म्हणावेसे वाटायचे. सोनाराकडून मिळालेल्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मी ब्राझीलचा मोठा नकाशा काढला होता. ॲमेझॉन नदी पश्चिमेकडून काढत आणली, पण मुखाजवळ येईपर्यंत निळा स्केचपेन संपला. म्हणून माझी ॲमेझॉन समुद्राला मिळताना जांभळी झालीय. दुसरी भिंत रिकामी नव्हती, तेव्हा तो नकाशा ओट्याच्या वर चिकटवला. आठवड्याभरात मॅनॉस शहरावर आईच्या फोडणीचा डाग पडला.

माझे बाबा महापालिकेच्या बसवर ड्रायव्हर. म्हणजे अत्यावश्यक सेवा. सगळं ठाणं घरात, आणि बाबा नर्सताईंना आणि सफाई कामगारांना घेऊन रस्त्यावर. घरात आजी, तिला दमा. म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी ठरवलं, मी आत येणार नाही. गॅलरीत घडीची खाट टाकली. ड्युटीवरून आले की बाहेरच आंघोळ, कपडे बादलीत, आणि जेवणाचं ताट आई खिडकीतून द्यायची. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. खिडकीच्या गजांतून समोर काय दिसायचं? ब्राझील.

पहिले दोन-चार दिवस कुणी काही बोललं नाही. बोलायला काही नव्हतंच, बातम्याच तशा होत्या. मग एका रात्री बाबांनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "काय गं, आज ब्राझीलमध्ये काय?"

मी म्हटलं, "काय म्हणजे?"

"म्हणजे काय पिकतं, काय चाललंय?"

मी कॉफीबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. ताट घेतलं की, "आज ब्राझीलमध्ये काय?" मी पंतनालच्या दलदलीबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आपल्या खारीगावाकडे होती तशी?" रोज रात्री खिडकीच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये गज, आणि आई दोघांना ओरडतेय की आमटी निवतेय.

एप्रिलमध्ये जाहीर झालं की भूगोलाचा पेपर आता होणारच नाही, सरासरीनं मार्क देणार. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा पूर आला. मी खोटं सांगणार नाही, मीही एक बाहुली टाकली. पण आतून चरफडले. सगळ्या विषयांत ज्याची तयारी झाली होती तो हा एकच!

रात्री बाबांना सांगितलं.

"सरासरी म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या पेपरांत जसे पडले, त्या मानानं."

बाबा थांबले. "म्हणजे बीजगणितावरून तुझा भूगोल ठरवणार?"

"तसंच काहीतरी."

"तू तर वाचलंयस ना?"

"हो."

"मग दे की पेपर."

"कुणाला देऊ?"

"मला दे."

बाबा स्वतः दहावी पास झाले तिसऱ्या खेपेला. पोलादपूरच्या एका गावातून रोज दोन डोंगर चालून शाळेत जायचे, असं ते सांगतात. आजी म्हणते एकच डोंगर होता. पण रविवारी सुट्टी होती, आणि माणूस जिद्दीला पेटला होता.

सकाळी अकरा वाजता मी ओट्याखाली पाट मांडून बसले. प्रश्नपत्रिका गाईडमधली, नमुना क्रमांक तीन. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून खिडकीबाहेर, तोंडाला मास्क, हातात घड्याळ. घंटा कोण देणार? आईनं स्टीलच्या ताटलीवर लाटणं हाणलं. तो आवाज ऐकून समोरच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनीही ताट वाजवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, आज परत वाजवायला सांगितलंय! त्यांचं बघून वरच्या मजल्यावर दोघांनी धरलं. बाबा खुर्चीवरून ओरडतायत, "अहो, पेपर आहे, पेपर!" आणि चाळ शंख फुंकतेय. माझी पहिली पाच मिनिटं त्यात गेली. जादा वेळ मिळाला नाही.

अर्ध्या तासानं आजीनं विचारलं, "चहा घेतेस का गं?" खिडकीतून आवाज आला, "परीक्षार्थीशी बोलू नये." आजी म्हणाली, "मेल्या, मी तुझी आई आहे." बाबा म्हणाले, "केंद्रावर नाही."

भौगोलिक कारणे लिहा, हा प्रश्न माझा आवडता. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे कमी आहेत, का? लिहिलं मनसोक्त. पूर्वेला मोठ्या नद्या गाळ आणून टाकतात, किनारा उथळ होतो, बोट आत येणार कशी? शेवटी नकाशा. बाराला "एक तास राहिला", साडेबाराला "अर्धा तास", आणि बरोब्बर एकला परत लाटणं.

आता उत्तरपत्रिका बाहेर कशी द्यायची? आत आजी होती, वस्तू आतबाहेर करायला आईचा विरोध. शेवटी आईनं माझी उत्तरपत्रिका आणि कोथिंबिरीची जुडी एकाच टोपलीत घालून दिवसभर उन्हात ठेवली. भाजीचं आणि भूगोलाचं विलगीकरण एकत्र.

बाबांनी पेपर दोन रात्री तपासला. शेजारी माझं पुस्तक, ओळीला ओळ लावून. लाल पेन नव्हतं, म्हणून डेपोतलं हिरवं. बंदरांच्या उत्तराला पूर्ण मार्क दिले आणि समासात लिहिलं, 'बरोबर. आमच्या कोकणात बंदरे जास्त.' एका ठिकाणी अक्षरासाठी मार्क कापला. ते मी समजू शकते. पण नकाशाला शून्य!

मी खिडकीशी भांडायला उभी. "बाबा, सगळी ठिकाणं बरोबर आहेत!"

"सूची कुठंय?" सूची म्हणजे कुठल्या रंगाचा, कुठल्या खुणेचा अर्थ काय, ते सांगणारी नकाशाखालची यादी.

"नाही काढली. वेळ गेला. पण कळतंय ना सगळं, कुठं कॉफी, कुठं जंगल?"

बाबा म्हणाले, "तुला कळतंय. मला कसं कळायचं? मी कधी गेलोय ब्राझीलला? सूची नाही, मार्क नाही."

चाळीसपैकी 31.

आज मी संगणकावर नकाशे करते. थर चढवायचे, उंचसखल भाग दाखवायचा, सगळं येतं. पण नकाशाला सूची कशासाठी, याचं त्याहून सोपं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाबांनी बसवलं म्हणून बसलीस. खरंय. पण ऐका, पुढच्या रविवारी दुसरा पेपर मी मागितला. संस्कृतचा नाही मागितला. बीजगणिताचा तर नाहीच नाही. भूगोलाचा मागितला. गाईडमधले नमुने संपले तेव्हा बाबा रस्त्यावरून प्रश्न आणायला लागले. पावसाळ्यात म्हणाले, वंदना डेपोजवळ दरवर्षी पाणी का तुंबतं, कारणे लिहा. मी भरतीच्या वेळा शोधल्या, कुठून कुठं उतार आहे ते विचारून घेतलं, वहीत लिहिलं. त्याचे कुणी मार्क देणार नव्हतं. दुसऱ्यांदा विचारते: ज्याचे मार्क मिळणार नाहीत, ते तुम्ही कुठल्या विषयात करता?

29 जुलैला निकाल लागला. राज्याचा 95.30 टक्के, म्हणजे पेढे घेणारे कमी आणि देणारे जास्त. गुणपत्रिकेवर इतिहास आणि भूगोल मिळून सामाजिक शास्त्रांचे एकत्र मार्क असतात. मला चांगले पडले, पण त्यात भूगोलाचे किती धरले ते वेगळं दिसेना. मी तसं म्हटलं, तर बाबा म्हणाले, "माझ्याकडं दिसतात." ती उत्तरपत्रिका त्यांच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली आहे.

निर्मात्या काचेपलीकडून हात करतायत. बरीच मिनिटं ब्राझीलमध्ये गेली, आता भराभर पुढे जाते.

एवढं होऊन मी अकरावीला भूगोल घेतला का? नाही! सायन्स घेतलं. टक्के चांगले होते ना. घरोघरी एकच मंत्र, 'सायन्स घेऊन ठेव, सगळी दारं उघडी राहतात.' नंतर कुठंही वळता येतं हे खरंच आहे, सायन्सवरून आर्ट्सला जाता येतं, उलट जाता येत नाही. पण सगळी दारं उघडी ठेवली की घरात डासही येतात. दोन वर्षं मी फिजिक्स केलं, वाईट केलं नाही, पण मुकाट्यानं केलं. 2022 ला बारावीचा निकाल 8 जूनला लागला आणि सीईटी झाली ऑगस्टमध्ये. मधले दोन महिने काय करायचं? डिग्रीला फी भरून जागा धरायची, की सीईटीची वाट बघायची? ज्यांच्या घरात ते दोन महिने गेले त्यांना विचारा. मग पर्सेंटाइल आला 58. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बरं का. टक्के म्हणजे तुम्हाला किती आलं, पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती जण राहिले. हे आमच्या मामाला अजून समजावून सांगतेय. तो म्हणाला, "58 म्हणजे सेकंड क्लास, मिळेल कुठंतरी इंजिनीअरिंगला." मिळालंही असतं कुठंतरी. फी ऐकून बाबा काही बोलले नाहीत, फक्त पंख्याकडे बघत राहिले.

त्या आठवड्यात मी वह्या काढून बसले. दोन वर्षांत फिजिक्सचा एक तरी पेपर मी आपण होऊन, कुणी न सांगता सोडवला होता का? एकही नाही. आणि ठाण्यात पाणी कुठं तुंबतं, याची वही भरत आली होती. बी.ए.ला भूगोल घेतला. मामा दिवाळीपर्यंत बोलत नव्हता.

भूगोलाला नोकरीची खात्री आहे का? नाही, सरळ सांगते. नकाशांची कामं मिळतात, मोजणीची, नियोजनाची. बरेच जण शिक्षक होतात, बरेच स्पर्धा परीक्षेला बसतात. पण खात्री कशाला आहे, तेवढं मला सांगा. माझे आजोबा वागळे इस्टेटीत फिटर होते. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. आजोबांच्या वेळी तिथं चिकटला म्हणजे जन्माची भाकरी. कंपनी बंद पडली तेव्हा ते 48 वर्षांचे होते. मग सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायला शिकले आणि त्यावर माझ्या आत्याचं लग्न केलं. त्या कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे. आत संगणकावर बसणारी मुलं चहाला खाली आली की एकमेकांना विचारतात, एआय आपली नोकरी खाणार का? जागा तीच, धास्ती तीच, फक्त डबा स्टीलचा होता तो प्लास्टिकचा झाला.

आमच्या ओळखीचा ऐरोलीचा एक दादा आहे. 2018 ला नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन झालं, तेव्हा त्यानं विमानतळावरच्या नोकरीचा कोर्स केला. दोन वर्षांत विमानं उडतील, घराजवळ नोकरी, असा हिशोब. पहिलं प्रवासी विमान उडालं 25 डिसेंबर 2025 ला. तोवर दादाचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि तो विम्याच्या कंपनीत लागला. त्या दिवशी मुलीला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेला होता, विमान दिसतंय का बघायला. कोर्स चुकीचा नव्हता हो, विमान उशिरा आलं.

आणि एक राहिलं. चिंतामणराव देशमुख. ठाण्यात महापालिकेची स्पर्धा परीक्षांची संस्था त्यांच्या नावानं आहे, कितीतरी मुलं तिथून तयार होतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 साली. नंतर देशाचे अर्थमंत्री. ते केंब्रिजला काय शिकले असतील? वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! वनस्पतिशास्त्रात तर बक्षीस मिळवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, उद्याचा भरवसा नाही, आणि हा मुलगा पानाफुलांचा अभ्यास करतोय. 1918 ला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या सनदी सेवेच्या परीक्षेत पहिला आला. त्यांचा जन्म महाडजवळच्या नातेगावचा, म्हणून आमचे बाबा त्यांना 'आपले चिंतामणराव' म्हणतात, जणू शेजारच्या वाडीतले. मामाला मी हे उदाहरण दिलं. तो म्हणाला, "त्यांचं वेगळं होतं." मामाकडे या वाक्याचा साठा आहे.

तर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसाल, आणि आता तो सगळ्या महाराष्ट्राला एकच झालाय, तेव्हा दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. पहिले तीन-चार आईबाबा सांगतात, पुढचे मैत्रिणी सांगतात, दहावा कुणी विचार करून भरत नाही. त्याआधी एकदा तिसऱ्यांदा विचारते, आणि मग नाही विचारणार: ज्याचे मार्क मिळणार नाहीत, ते तुम्ही कुठल्या विषयात करता? उत्तर 'कशातच नाही' असं आलं तर घाबरू नका, सोळाव्या वर्षी बऱ्याच जणांचं तेच येतं. एखादा पेपर घरी देऊन बघा. तपासायला कुणीतरी कडक बघा, म्हणजे झालं.

माझे बाबा आत्ता डेपोत असतील. दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी मोबाईलवर हे ऐकतायत, तसं सकाळी म्हणाले होते. वही जवळ आहे, असंही म्हणाले. बाबा, ओट्यावरचा नकाशा अजून तिथंच आहे हे सांगायचं राहिलं, खाली सूची तुमच्याच हिरव्या पेननं काढलीय हेही राहिलं, आणि मी वेळेच्या दोन मिनिटं पुढे गेलेय.

कापा मार्क.

नमस्कार.